ओल्या लाकडावरच्या कपबुरशीचं नाव लागत नाही? निळी बाटली जरा बाजूला ठेवा

पन्हाळ्याला, आंब्याला नाहीतर गगनबावड्याला पहिला दणकून पाऊस झाला की आठवड्याभरात आमच्या लॅबच्या दारात काडेपेट्या यायला लागतात. आत कुजक्या फांदीचा तुकडा आणि त्यावर मोहरीएवढ्या पिवळ्या, करड्या, पांढऱ्या वाट्या, म्हणजे बहुधा कपबुरशी. "मामा, ह्याचं नाव सांगा की." मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. नाव सांगणं सरांचं काम. स्लाइड करून द्यायची, मायक्रोस्कोप पुसायचा आणि "काहीच दिसंना" म्हणून उठलेल्या पोराला परत स्टुलावर बसवायचं, हे माझं. बावीस पावसाळे एकच दुखणं बघतोय. दरवर्षी तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

लक्षणं

खालच्यापैकी एक जरी होत असेल तर पुढचं वाचा.

स्लाइडवर सगळं निळं निळं दिसतं. बीजाणू सापडतात, पण सगळ्यांचे सारखेच वाटतात: लांबट, बिनरंगी, गुळगुळीत. एवढ्या वर्णनात शेकडो जाती बसतात.

ॲस्कस, म्हणजे बीजाणूंच्या लांबट थैल्या, दिसतात पण रिकाम्या. नाहीतर आत नुसता रवाळ लगदा.

आयोडीन टाकलं तर काल थैलीचं टोक निळं झालं होतं, आज होत नाही. किंवा कधीच होत नाही.

दोघांनी एकच बुरशी मोजली आणि दोघांचे आकडे दुप्पट-चौपट वेगळे आले.

एकेका प्रश्नाचं उत्तर देत नावापर्यंत पोचवणारा जो बुरशी ओळखायचा तक्ता, त्यात पहिल्या तीन प्रश्नांतच अडकायला होतं. नाहीतर नाव येतं आणि ती जात म्हणे नॉर्वेत बर्च झाडावर येते. पन्हाळ्यावर बर्च कुठला?

ॲस्कस मुळात दिसतच नाहीत.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, खर्चाच्या आणि कटकटीच्या नंतर. उड्या मारू नका. सरळ पाचव्या तपासणीवर गेलेली पोरं शेवटी पहिलीवरच परत आलेली मी पाहिली आहेत.

ती कपबुरशी आहे का, हे आधी ठरवा

खर्च शून्य. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरे.

वाटीचा आकार बऱ्याच जणांनी घेतलाय. वाटीत मसुरीसारखे चपटे दाणे दिसले तर ती पक्ष्याच्या घरट्यासारखी दिसणारी सायथस. वाटीखाली हिरवट-राखाडी पापुद्रा लाकडाला चिकटलेला असेल तर बहुधा दगडफूल, त्यात शेवाळ असतं. श्लेष्म बुरशीचेही छोटे पेले असतात. सुई लावली की आतून कोरडी पूड उडते. आणि सगळ्यात फसवी म्हणजे छत्रीवाल्या बुरशीच्या कुळातली बारीक पांढरी, केसाळ वाटी. वरून हुबेहूब कपबुरशी, पण मायक्रोस्कोपखाली थैल्या नाहीतच. बीजाणू थैलीत आठ बसलेले असायच्या ऐवजी दांड्याच्या टोकाला बाहेरून चार लागलेले. "ॲस्कस दिसत नाहीत" या तक्रारीतली निम्मी प्रकरणं इथंच मिटतात.

आणखी एक गिऱ्हाईक आपल्याकडे सुक्या फांद्यांवर हमखास येतं: ऱ्हिटिडहिस्टेरॉन. सुकलेलं असताना काळ्या होडीसारखं मिटलेलं, ओलं झालं की ओठ उघडून आत तांबूस दिसतं. बीजाणू तपकिरी, आडव्या भिंतींचे. याच्या थैलीची भिंत दुहेरी असते. बीजाणू सोडताना आतली भिंत बाहेरच्या भिंतीतून, नळीतून नळी सरकावी तशी, वर येते. हे खऱ्या कपबुरशीच्या कुळातलं नाही. कपबुरशीच्या तक्त्यात त्याला कितीही वेळ शोधा, सापडणार नाही.

याच पायरीवर एक सुखाची गोष्टही आहे. घाटातल्या जंगलात कुजक्या लाकडावर गुलाबी-नारंगी, दांडीवाला, खऱ्या पेल्यासारखा नाजूक पेला दिसला तर ती कुकेना. तिच्या कुळापर्यंत पोचायला मायक्रोस्कोपही लागत नाही. त्रास देतात त्या एक-दोन मिलिमीटरवाल्या.

पिकली आहे का?

हाही खर्च शून्य, आणि हा भाग मला फार आवडतो.

डबीचं झाकण उघडा, वाटी भिंगाखाली धरा आणि हळूच फुंकर मारा. थोडं थांबा. पिकलेली असेल तर एकदम धुराचा बारीक लोट उठतो, उदबत्ती विझवल्यावर उठतो तेवढाच. ओलाव्यात फुगलेल्या हजारो थैल्या हवा कोरडी झाल्याबरोबर एकदम सुटतात. पोरं पहिल्यांदा बघतात तेव्हा दचकतात.

लोट उठला नाही तर वाटी कच्ची असेल किंवा म्हातारी. डबीत ओला टिश्यू घालून, वाटीच्या डोक्यावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावर एक कव्हरस्लिप अडकवून रात्रभर ठेवा. मी दोन काडेपेटीच्या काड्यांवर टेकवतो. सकाळी काचेवर पांढुरका ठिपका पडलेला असतो. ते बीजाणू वाटीनं स्वतः बाहेर फेकलेले, म्हणजे पुरते पिकलेले. मोजायचे ते हेच. थैलीतल्या बीजाणूंचं माप घेऊ नका. कच्च्या बीजाणूला आडवी भिंत नसते, खडबडीतपणा आलेला नसतो, आकारही पुरा झालेला नसतो. काहींना तर बाहेर पडल्यानंतरच आडवी भिंत येते. "बीजाणू एककोशी" असं लिहून मोकळी झालेली किती जर्नलं मी बघितली.

दोन रात्रींतही काही पडलं नाही आणि थैल्या रिकाम्याच दिसल्या, तर त्या तुकड्याचा नाद सोडा. त्याच ओंडक्यावर दुसरी वाटी शोधा.

आधी पाणी. नुसतं पाणी.

माझं सगळं सांगणं या एका पायरीत आहे. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

आपल्याकडे कॉलेजात बुरशी म्हटली की हात आपोआप लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूच्या बाटलीकडे जातो. पावावरची बुरशी, लोणच्यावरची बुरशी, सगळ्यांना तीच निळी आंघोळ. प्रॅक्टिकलच्या वहीत तसंच लिहिलंय, परीक्षेत त्याचेच गुण मिळतात. पण ते औषध पेशी मारतं. मेलेली पेशी आक्रसते, आतले तेलाचे थेंब एकमेकांत मिसळतात, रसातले चकाकणारे गोळे विरघळून जातात. कपबुरशीच्या कुळांमधले बरेच फरक नेमके त्या थेंबांत आणि गोळ्यांत असतात. म्हणजे तपासायच्या आधीच पुरावा पुसला. जर्मन अभ्यासक हान्स-ओटो बाराल यांनी १९९२ मध्ये याच विषयावर सविस्तर मांडणी केली: जिवंत आणि मेलेल्या पेशींत मापं, आकार, आतला ऐवज सगळं बदलतं, म्हणून जमेल तेव्हा जिवंत नमुना बघा.

तीन-चार वर्षांपूर्वी एक मुलगी पन्हाळ्याहून करड्या बशा घेऊन आली. कडा किंचित फिकट, मध्ये पाणी साचल्यासारखं, खाली काळपट धागे. तिच्या सहा स्लाइड झालेल्या, सहाही निळ्या. "मामा, नुसते धागे दिसतात." डबीत अजून तीन बशा शिल्लक होत्या. एका बशीचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा मी पिण्याच्या पाण्याच्या थेंबात ठेवला, कव्हरस्लिप ठेवून पेन्सिलच्या मागच्या रबरानं हलकंच दाबला. थैल्यांच्या मध्ये उभे असणारे जे वांझ धागे, म्हणजे पॅराफायसिस, ते सगळे वरच्या अर्ध्यात काठोकाठ भरलेले होते. काचेच्या नळीत ग्लिसरीन भरावं तशी चकाकी. निळ्या स्लाइडवर तेच धागे रिकामे, पोकळ.

मग कव्हरस्लिपच्या कडेला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा पाच टक्क्यांचा एक थेंब सोडला आणि समोरच्या कडेला टिपकागद लावला. द्रावण सरकत आत गेलं आणि जिथं जिथं पोचलं तिथं धाग्यांतून पिवळा रंग सुटला. मोलिसिया कुळातल्या बऱ्याच कपबुरशांची ही खूण आहे. ती मुलगी म्हणाली, "लिंबू पिळल्यासारखं झालं." सरांनी कुळ लिहिलं, जात लिहिली नाही. मोलिसियाची जात लावणं हे महिनोन्महिन्यांचं काम आहे, त्यामुळे तिथं थांबले ते बरोबरच केलं.

ऑर्बिलियाचं तर विचारूच नका. मेणासारख्या अर्धपारदर्शक, बारीक टिकल्या, ओल्या लाकडावर भरपूर. तिच्या बीजाणूत टोकाजवळ एक छोटा चकाकणारा ठिपका असतो, कधी थेंबासारखा, कधी दोऱ्यानं लटकवल्यासारखा. त्याच्या आकारावर जाती वेगळ्या करतात. तो फक्त जिवंतपणी दिसतो. निळी बाटली उघडली की गेला.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. बोअरचं जड पाणी नको. वाळताना क्षारांचे खडे उमटतात आणि पोरं त्यांनाच बीजाणू समजून मोजतात. आणि थेंब वाळायला लागला की कडेनं थेंब थेंब घालत राहा. पाण्यात बघून, चित्र काढून, फोटो काढून झाल्यावरच बाकीची औषधं.

निळी बाटली फेकून द्या असं नाही म्हणत मी. लाल-नारंगी, कडेला डोळ्याच्या पापण्यांसारखे तपकिरी केस असलेली स्कुटेलिनिया असेल, तर तिच्या बीजाणूंवरचे फोड कॉटन ब्लूमध्ये ठसठशीत दिसतात. पण ते शेवटी.

काच आणि लेन्स

पाण्यातही धूसरच दिसत असेल तर बुरशीचा दोष नाही, काचेचा आहे.

चाळीसची लेन्स ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठी बनवलेली असते. पाकिटातल्या कव्हरस्लिपा पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात आणि आपण दोन एकदम ठेवतो. कडेला नखानं खरवडून बघा. स्लाइड उलटी तर ठेवली नाही ना, हेही बघा. हसू नका, महिन्यातून एकदा होतंच.

शंभरच्या लेन्सचं तेल चाळीसच्या लेन्सला लागलं असेल तर सगळं दुधाळ दिसतं. लेन्स पेपरनं हलक्या हातानं पुसा. शर्टाच्या टोकानं नको.

कंडेन्सर वर घ्या, खालची झडप थोडी मिटा. बिनरंगी बीजाणू भरपूर उजेडात विरघळून जातात. झडप मिटली की कडा उठतात. पण फार मिटली तर प्रत्येक कडेला खोटी दुहेरी रेघ येते आणि पोरं "जाड भिंतीचे बीजाणू" लिहितात.

दृश्यात कोळ्याच्या जाळ्यासारखं काही कायम दिसतंय? आयपीस हातानं फिरवा. जाळं फिरलं तर ते आयपीसमध्ये आहे. फिरलं नाही, पण लेन्स बदलल्यावर गेलं, तर ऑब्जेक्टिव्हमध्ये. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, ही त्यातली गंमत: बुरशी बघायच्या यंत्रालाच बुरशी. आयपीस वरून पुसता येतं. ऑब्जेक्टिव्ह मात्र स्वतः उघडू नका. इथं थांबा आणि मायक्रोस्कोप दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. आतल्या भिंगांचं अंतर एकदा हललं की ती लेन्स पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. एका हुशार पोरानं उद्यमनगरातनं बारीक पाने आणून शंभरची लेन्स खोलली होती. ती आता पेपरवेट आहे.

आयोडीन

बऱ्याच कपबुरशांत थैलीच्या टोकाला कडं असतं, त्यातून बीजाणू बाहेर पडतात. काही कुळांत ते आयोडीननं निळं होतं, काहींत होत नाही, आणि काहींत तांबूस होतं. तक्त्यातला हा मोठा फाटा आहे. इथं चुकलात की पुढचं सगळं चुकलं.

आधी बाटली तपासा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथं खरोखर शितावरूनच आयोडीनची परीक्षा होते. भाताचं एक शीत घ्या, थेंब टाका. निळं-काळं झालं नाही तर बाटली मेलेली. झालं तरी एवढ्यावर समाधान मानू नका, कारण भात अगदी पातळ आयोडीनलाही दाद देतो. द्रावणाचा रंग कोऱ्या चहासारखा हवा. फिकट पिवळं झालेलं असेल तर आयोडीन उडून गेलंय. प्लास्टिकच्या ड्रॉपरबाटलीत ते टिकत नाही. तपकिरी काचेच्या, घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवा.

कुठलं आयोडीन? लुगॉलचं द्रावण, म्हणजे पाण्यात एक टक्का आयोडीन आणि तीन टक्के पोटॅशियम आयोडाइड. लॅबमध्ये सहज होतं. मेडिकलमधलं जखमेवर लावायचं पोव्हिडोन-आयोडीन चालत नाही, त्यात बाकीच्या भानगडी असतात. टिंक्चर आयोडीनमध्ये स्पिरिट असतं, ते पेशी मारतं. मेल्झरचं द्रावण पुस्तकांत सगळीकडे लिहिलेलं असतं, पण त्यात दोन अडचणी. एक, त्यातलं क्लोरल हायड्रेट विषारी आहे. विद्यार्थ्यानं घरी करायचं ते नव्हेच. दुसरी जास्त महत्त्वाची: जे कडं लुगॉलमध्ये तांबूस होतं ते मेल्झरमध्ये रंग न घेता तसंच राहू शकतं. बाराल यांनी हे १९८७ मध्येच दाखवून दिलंय. म्हणजे मेल्झर वापरून "आयोडीनला प्रतिसाद नाही" लिहिलंत तर ते खोटं असू शकतं.

करायचं असं. पाण्यातली स्लाइड तशीच ठेवून कडेनं लुगॉल सोडा. शंभरच्या लेन्सखाली, तेल लावून, थैलीच्या टोकाशी बघा. कडं एक-दोन मायक्रॉनचं असतं. चाळीसच्या लेन्सवर "नाही" म्हणायचा तुम्हाला हक्क नाही. आता दुसऱ्या स्लाइडवर नवा तुकडा घ्या, आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा, मग धुऊन आयोडीन द्या. पहिल्यात तांबूस आणि दुसऱ्यात निळं आलं तर ती तिसरी जातकुळी, ती तशीच लिहा.

मघाशी "धुऊन" म्हणालो तो शब्द विसरू नका. "काल निळं झालं, आज नाही" याचं सगळ्यात सामान्य कारण तेच आहे. अल्कली, म्हणजे ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, शिल्लक राहिली की ती आयोडीनचा रंगच घालवते. कव्हरस्लिपखाली तपकिरी द्रावण जातं आणि डोळ्यांदेखत पाण्यासारखं होतं. पोरं म्हणतात "रिॲक्शन आली नाही". अरे, आयोडीन उरलंच कुठं? दोन-तीनदा पाणी ओढून घ्या, द्रावण आत जाऊन तपकिरी राहतंय हे बघा, मग निकाल लिहा.

अजून एक चकवा. पिवळ्या-नारंगी वाट्यांत गाजरासारखे रंगद्रव्याचे कण असतात आणि आयोडीननं ते हिरवट होतात. तो हिरवा रंग पॅराफायसिसच्या आत असतो, थैलीच्या टोकाला नाही. रंग कुठं आलाय ते बघितल्याशिवाय "निळं" लिहू नका.

काप

इथपर्यंत चिरडलेल्या तुकड्यावर भागतं. पण वाटीची बाहेरची भिंत कशी बांधलीय, तिच्या पेशी गोल, विटांसारख्या चौकोनी की लांबट, हे चिरडून कळत नाही. विटा पाडून घराचा नकाशा काढता येतो का?

दाढीचं नवं ब्लेड, अर्धं मोडलेलं. वाटी बटाट्याच्या किंवा गाजराच्या फटीत धरा आणि बरोबर मध्यातून उभे काप घ्या. वाटी चिंब नको, कोरडी खडखडीत पण नको. ओल्या पावाला सुरी लावल्यासारखं होतं किंवा चुरा होतो. वीस काप घ्या, त्यातले दोन चांगले निघतात. पाण्यात पडल्यावर जो काप जवळजवळ दिसेनासा होतो, तोच घ्या. आमच्याकडं पहिल्या दिवशी सगळ्यांची बोटं कापतात, डेटॉल शेजारीच ठेवतो.

कापात मोजून चार गोष्टी बघा: बाहेरच्या पेशींचा आकार, कडेचे केस, थैलीच्या तळाशी आकडीसारखा वाक आहे की साधा बुंधा, आणि थैलीच्या माथ्यावर झाकण आहे की भोक. झाकण रिकाम्या झालेल्या थैलीवर बघा, डब्याच्या झाकणासारखं एका बाजूला उघडलेलं दिसतं. केस कणीदार खडबडीत असतील आणि पॅराफायसिस भाल्याच्या पात्यासारखे, थैल्यांच्याही वर डोकावणारे, तर लॅकनम या कुळाकडे वळा. भिंती नीट उठून दिसत नसतील तर काँगो रेड द्या, तो भिंतीच रंगवतो.

मोजमाप

"माझ्या बीजाणूचं माप ४८ मायक्रॉन," एक पोरगा ठासून सांगत होता. पुस्तकात कुठंच बसेना. त्यानं दहाच्या लेन्सवर आयपीसची पट्टी मोजून घेतली होती, एक घर म्हणजे १० मायक्रॉन, आणि तोच आकडा चाळीसच्या लेन्सवर लावला होता. खरं माप १२.

प्रत्येक लेन्सचं गणित वेगळं. स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे स्लाइडच्या जागी ठेवायच्या मोजपट्टीवर, एक मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. चाळीसच्या लेन्सवर आयपीसची १०० घरं त्याच्या २५ भागांवर बसली तर २५० भागिले १००, एका घराला अडीच मायक्रॉन. चिठ्ठी करून मायक्रोस्कोपच्या पायाला चिकटवा. आयपीस दुसऱ्या मायक्रोस्कोपचा लावला तर चिठ्ठी रद्द. मोबाइलनं आयपीसमधून फोटो काढून, झूम करून, मोजपट्टी लावणं हा प्रकार तर करूच नका.

पाण्यातले, बाहेर पडलेले, किमान वीस-तीस बीजाणू मोजा. लांबी आणि रुंदी दोन्ही. सगळ्यात मोठा आवडला म्हणून तो एकटा नको.

तक्ता

एवढं सगळं बरोबर करूनही नाव लागत नसेल तर बहुतेक वेळा तक्ता परका असतो. कपबुरशीचे चांगले तक्ते बहुतांश युरोपातल्या अभ्यासकांनी तिकडच्या जातींवर केलेले आहेत. ते कुळापर्यंत छान पोचवतात. जातीच्या फाट्यावर मात्र ते तुम्हाला जबरदस्तीनं कुठलं तरी नाव चिकटवतात, कारण तुमची जात त्यांच्या यादीतच नसते. सह्याद्रीतली जांभळाची फांदी त्या पुस्तकानं बघितलेली नाही.

नावंही बदलत असतात. लाकडावर दाटीनं येणारी लिंबू रंगाची टिकली अनेक पुस्तकांत बायस्पोरेला सिट्रिना म्हणून आहे, आता ती कॅलिसिना सिट्रिना. दोन पुस्तकांत दोन नावं दिसली म्हणजे दोन बुरशा असं नाही. इंडेक्स फंगोरम या बुरशांच्या नावांच्या ऑनलाइन यादीत चालू नाव बघून घ्या.

कुळ पक्कं झालं, जात नाही, तर कुळ लिहून मोकळे व्हा. त्यात कमीपणा नाही. चुकीची जात लिहिलेल्या पाकिटापेक्षा नुसतं कुळ लिहिलेलं पाकीट शंभरपट कामाचं.

आता थांबा आणि जाणकाराकडे द्या

वाट्या दोनच उरल्या असतील तर थांबा. तिसऱ्यांदा ब्लेड लावू नका. उरलेल्या नमुन्याशिवाय तुमच्या नोंदीला कुणी विचारणार नाही.

दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या वाट्यांवर, पाण्यात आणि लुगॉलमध्ये तेच निकाल आले आणि तरी कुळच लागत नसेल, तर थांबा. पुढचं काम डीएनएचं. त्यासाठी शुद्ध तुकडा काढावा लागतो, कारण कुजक्या लाकडावर ट्रायकोडर्मा नावाची दुसरी बुरशी आणि बाकीची पन्नास जणं बसलेली असतात. चुकीचा तुकडा गेला की पैसे भरून ट्रायकोडर्माचंच नाव परत येतं. हे घरी होत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीचं हर्बेरियम, म्हणजे सुकवलेल्या नमुन्यांचा संग्रह, आणि जिवंत बुरशा वाढवून ठेवणारा राष्ट्रीय संग्रह दोन्ही आहेत. आपल्या विभागातल्या सरांच्या पत्रासह तिकडे विचारणा करा. आणि अभयारण्यातून, म्हणजे राधानगरी-दाजीपूर पट्ट्यातून, वनखात्याच्या परवानगीशिवाय काडीसुद्धा उचलू नका.

नमुना पाठवण्याआधी सुकवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर दोन दिवसांत हिरवी बुरशी चढते. कागदी पाकिटात, टेबललॅम्पच्या उबेत एक दिवस, मग सिलिका जेलच्या डब्यात. तव्यावर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही, दोन्ही करून झालंय लोकांचं.

पाकिटावर तारीख, गाव, झाड ओळखत असेल तर झाडाचं नाव, साल होती की निघालेली, लाकूड किती ओलं, आणि ताजेपणीचा रंग. शिवाय पाण्यात काय दिसलं त्याचं चित्र आत घाला; सुकलेल्या नमुन्यात ते जाणकारालाही पुन्हा दिसणार नाही. परवा आलेल्या एका पाकिटावर फक्त "पिवळी, फार सुंदर" एवढंच होतं. उघडलं तर आत लाकडाची ढलपी, आणि तिच्यावर पांढुरकी पडलेली, खसखशीएवढी एक टिकली.